नमुना क्रमांक सतरा

नाही, मला एक सांगा, कोंबडीला कोंबडी म्हणायला यंत्र कशाला लागतं? पूर्वी लोक खायचे, बोटं चाटायचे, झोपायचे. आता घास घेण्याआधी कोंबडीची वंशावळ काढायची! आणि ती काढणार कोण? मी! तुम्हाला सांगतो, लग्न ठरताना माझीसुद्धा कुणी एवढी चौकशी केली नव्हती. केली असती तर बरं झालं असतं, असं हल्ली सासरी सगळ्यांचं मत आहे... पण ते नंतर.

तर आमची प्रयोगशाळा. डबाबंद, गोठवलेलं, पाकिटातलं जे जे 'हलाल' म्हणून विकतात ना, त्यात गुपचूप डुक्कर तर शिरलं नाही ना, हे आम्ही बघतो. कसं? माल कुटायचा, त्यातला डीएनए काढायचा, नळीत घालून यंत्रात ठेवायचा. यंत्र चाळीस फेऱ्या मारतं, दर फेरीला असेल ते दुप्पट. डुक्कर असेल तर पडद्यावरची रेषा उठते, नसेल तर आडवी पडून राहते, सुट्टीच्या दिवशी मी पडतो तशी. आणि मागे आमच्या बाई उभ्या! बाई म्हणजे आमच्या साहेब, बहुतेक हातमोजे घालूनच जन्माला आलेल्या. त्यांचं एकच पालुपद, "यंत्र खोटं बोलत नाही!" चहा गोड झाला म्हणालो, तरी "यंत्र खोटं बोलत नाही!" अहो बाई, चहा मी केलाय!

नमुन्यांवर नाव नसतं बरं का, नुसता आकडा. कारण पक्षपात नको. त्या मंगळवारी आला नमुना क्रमांक सतरा. गोठवलेले चिकन रोल. रेषा आडवी... आडवीच... मी मस्त जांभई देतोय... आणि सदतिसाव्या फेरीला उठली की हो! कणभरच, पण डुक्कर! आता शहाण्या माणसानं गप्प बसावं ना? मी उभा राहून भाषण ठोकलं, "बघा बाई, काय एकेक नमुने असतात जगात! वर हलालचा शिक्का, आत हा प्रकार! अशा माणसाला भर चौकात उभं करून..." आणि बोलता बोलता उरलेला रोल पिशवीत परत ठेवायला उचलला. त्याच्या कडेला तीन चिमटे आणि काट्याची एक टोच. तीन चिमटे, एक टोच. तीन चिमटे, एक टोच. अख्ख्या जगात अशी कड एकच माणूस दुमडतो.

माझे सासरे!

दर शुक्रवारी मी त्यांच्याकडे हेच रोल खातो! चार-चार! वर "अजून एक द्या" म्हणून! मी खुर्चीत बसलो. म्हटलं, "बाई... नमुना सतरा माझे सासरे आहेत." बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "नमुना सतरा चिकन रोल आहे." "नाही हो, म्हणजे ते बनवणारे..." त्यांनी तिथल्या तिथे ते काम माझ्याकडून काढून घेतलं, दुसऱ्याला दिलं, त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा उठली. सदतिसावी फेरी. "यंत्र," बाई म्हणाल्या... पुढचं मी ऐकलंच नाही.

आता सासरे म्हणजे काय माणूस, ते ऐका. चाळीस वर्षं तो छोटासा कारखाना. कारखाना कसला, तीन खोल्या, दोन भट्ट्या, एक लांब टेबल आणि भिंतीवर फ्रेममध्ये हलालचं प्रमाणपत्र. कोंबडी कुठून आली, कुणी कापली, नाव घेऊन कापली की नाही, सगळं पहाटे स्वतः जाऊन बघणार. पाहुण्यांना आधी प्रमाणपत्र दाखवणार, मग पाणी विचारणार. आणि अशा माणसाला प्रयोगशाळेचं पत्र गेलं... आठ दिवसांत दोष शोधा, नाहीतर प्रमाणपत्र रद्द!

घरी आमची ही. "अहो, तुम्ही माझ्या अब्बांना डुक्करवाले ठरवलंत?" म्हटलं, "मी नाही, यंत्रानं." "मग यंत्रालाच वाढायला सांगा!" आणि स्वयंपाकघराचं दार बंद.

दुसऱ्या दिवशी धावत कारखान्यात गेलो. सासरे स्टुलावर. "या जावईबापू. एक विचारू? तुमच्या यंत्राला कळतं का, कापताना अल्लाचं नाव घेतलं की नाही ते?" म्हटलं, "नाही अब्बा, फक्त प्राणी कळतो." "सुरी धारदार होती का, कळतं? जनावराचे हाल झाले का, कळतं?" "नाही, अब्बा." "मग निम्मं काम मी करतो, निम्मं ते करतं, आणि पगार मिळतो तुम्हाला!"

पण मग ते उठले. मला वाटलं, आता माझ्या बखोटीला धरणार. त्यांनी भट्ट्या बंद केल्या. आपल्या हातानं प्रमाणपत्र खाली काढलं... भिंतीवर मागे पांढरा चौकोन राहिला, चाळीस वर्षांचा... आणि वहीचा कागद फाडून कारखान्यापुढच्या दुकानाच्या दारावर लावला: 'आमच्या मालात दोष सापडला आहे. कारण कळेपर्यंत कृपया घेऊ नये. ज्यांनी खाल्लं त्यांची माफी मागतो.' अहो, कुणी सांगितलं नव्हतं हो हे करायला! आठ दिवस होते की! मला इतकी लाज वाटली, इतकं वाईट वाटलं, की त्यांच्याकडे बघवेना. आणि या माणसाला मी भर चौकात उभं करणार होतो!

मग कारण शोधायला स्वतः बाई आल्या. मला नियमाप्रमाणे हात लावायला बंदी, मी कोपऱ्यात, जावई म्हणून. बाईंनी कापसाच्या काड्या फिरवल्या. टेबलावर, सुऱ्यांवर, कोंबडीवर, पिठावर, ट्रेवर, रोलला वरून अंडं लावतात त्या ब्रशवर. सासूबाई मागे मागे, "बाई, हेही पुसून बघा, तेही पुसून बघा, आमच्याकडे लपवायला काही नाही!" तीन दिवसांनी बाई निकाल घेऊन परत आल्या. मीही होतो, कोपऱ्यात, आणि शेजारी आमची ही. टेबल, आडवी रेषा. सुऱ्या, आडवी. कोंबडी, कोंबडीच निघाली बिचारी, शंभर टक्के. पीठ, ट्रे, सगळे साफ. आणि ब्रश? सदतिसावी फेरी कसली, बाविसाव्यालाच उठली, थेट छतापर्यंत! ब्रशचे केस डुकराचे! बाईंनी ब्रश वर धरला. "हा कुठून आणला?"

आता सांगतो. सासऱ्यांकडे वीस वर्षं एक जुनापाना प्लास्टिकचा ब्रश होता. गेल्या वर्षी त्यांच्या वाढदिवसाला एका विज्ञाननिष्ठ, सुशिक्षित माणसानं त्यांना नवा ब्रश भेट दिला. लाकडी मूठ, सुंदर खोका, खोक्यावर सोनेरी अक्षरात 'शंभर टक्के नैसर्गिक केस'. आणि देताना तो गृहस्थ काय म्हणाला? "अब्बा, ते प्लास्टिक फेका आता. आरोग्याला वाईट. नैसर्गिक वापरा, नैसर्गिक!" कुणाचे नैसर्गिक, हे त्या गाढवानं विचारलंच नाही! रोज नळीत डुक्कर शोधतो, आणि बाजारातून पैसे मोजून, रिबीन बांधून, सासऱ्यांच्या हातात नेऊन देतो!

सासरे माझ्याकडे बघतायत, ही माझ्याकडे बघतेय, मी छताकडे. आणि सासूबाई, केवढ्या कौतुकानं, "अहो, हा तर जावईबापूंनीच दिला! इतका मऊ आहे म्हणून सांगू!"

बाईंनी फॉर्म काढला. एक रकाना असतो त्यात, 'दोषाचा उगम'. मी म्हटलं, "बाई, ब्रश लिहा ना... नुसतं ब्रश." बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं...

पुढे सगळं ठीक झालं म्हणा. नवा ब्रश आला, दुसरा नमुना साफ निघाला, गिऱ्हाइकं परतली, प्रमाणपत्र पुन्हा आपल्या पांढऱ्या चौकोनात. फक्त त्याच्या शेजारी आता अजून एक फ्रेम आहे. त्या फॉर्मची प्रत. पाहुणे आले की सासरे आधी प्रमाणपत्र दाखवतात, मग बोट सरकवतात, "माल पास झाला हो. नमुना घरातलाच निघाला." आणि पाहुणे वाचतात. 'दोषाचा उगम: जावई.'

आता मी काय बोलणार? सही आहे, शिक्का आहे, आणि ते यंत्र... खोटं बोलत नाही ना!