नव्या कॉम्प्युटरचा ठराव

सोसायटीत कुणाला सांगू नका, की आपल्याला कॉम्प्युटरमधलं कळतं. मी सांगून बसलो.

एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर इतका जुना, की नवा प्रिंटर जोडला तर त्याला तो ओळखूच येईना. सेक्रेटरी राऊतकाकांचा फोन आला, "अरे, जनरल बॉडीची नोटीस अडकलीय. जरा येऊन बघ."

रविवारी सकाळीच गेलो. एवढ्या जुन्या सिस्टिमला चालणारा प्रिंटरचा ड्रायव्हर मिळता मिळेना. कसाबसा एक मिळाला, तर मेमरी कमी पडली. शेवटी घरच्या पीसीतली रॅम काढून त्यात बसवली, तेव्हा कुठे दुपारी नोटीस बाहेर आली. विषय पहिला: नवीन कॉम्प्युटर घेणे. म्हटलं, सुटलो!

मीटिंगमध्ये सामंतकाकू नोटीस हलवत उभ्या राहिल्या. "ही कुठे छापली?"

"आपल्याच कॉम्प्युटरवर," राऊतकाका माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "ह्याने मस्त चालू करून दिलाय."

"मग नवा कशाला?"

ठराव एकमताने नामंजूर.

मीटिंग संपल्यावर मी रॅम परत मागितली. काका म्हणाले, "अर्ज दे, पुढच्या जनरल बॉडीत विषय ठेवू. नोटीस छापायला येशील ना?"