आईकडचा तुकडा

आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावरील मान्यवर, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो त्या डॉ. रुपा मडावी मॅडम, आणि जेवणाचा वास येऊनही खुर्च्या न सोडलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी मोहिनी, अल्लीपूरची सून. पेशंटची आई म्हणून मला थोडा वेळ मिळाला आहे. माझ्याआधी मोठमोठ्या प्राध्यापकांनी मॅडमच्या संशोधनाचा गौरव केला. मला त्यातलं फारसं कळलं नाही, टाळ्या मात्र मनापासून वाजवल्या.

माझी रुही आठ वर्षांची आहे. बोलत नाही, चालताना तोल जातो, हसते भरपूर. ती लहान असताना मॅडम तपासणीचा निकाल समजावू लागल्या, "पंधराव्या गुणसूत्राच्या आईकडून आलेल्या प्रतीतला एक तुकडा नाही." एवढं ऐकून माझ्या सासूबाई, देवकाबाई, उठल्याच. बस चुकली असती ना! 'आईकडून' हा शब्द मिळाला, पुढचं कोण ऐकतं? महिन्याभरात मी रुहीला घेऊन माहेरी आंजीला, आणि इकडे आमच्या यांच्यासाठी, अंकुशरावांसाठी, मुली पाहणं सुरू. काय ती तत्परता! आणि हे काय म्हणाले? काहीच नाही. माणूस चांगला हो, पण बोलायचं खातं आईकडे.

मॅडमना हे कळलं. महालक्ष्मीच्या जेवणाला मला सोबत घेऊन त्या बिनबोलावता अल्लीपूरला हजर! त्या दिवशी दारी आलेल्या बाईला उपाशी परत कोण पाठवणार? पानावर बसून, आंबील भुरकत मॅडम म्हणाल्या, "देवकाबाई, तुम्ही अर्धंच ऐकून गेलात. तो तुकडा आपोआप निसटला, कुणाची चूक नाही. वडिलांकडचा शाबूत आहे. पण मेंदूत एक आरएनए त्याला कामच करू देत नाही. तुमच्या-माझ्या मेंदूतही तसंच. आपलं आईकडच्यावर भागतं, रुहीचा तोच गेला."

सासूबाईंचा वाढता हात थांबला. "म्हंजे बापाचं असून नसल्यासारखं? सगळ्याइचं काम मायच करून राह्यली काय?"

"मेंदूत, हे एक काम, हो."

मॅडम पेशीबद्दल बोलत होत्या. मी आमच्या यांच्याकडे पाहत होते. तुपाची वाटी घेऊन उभे होते बिचारे. आणि बोलले! "माय, मोहिनी अन् रुही अथीच राहीन. मले दुसरी बायको नाई पाह्यजे."

सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, याले बोलता येते!"

त्या आरएनएला आवरून वडिलांकडची प्रत जागी करणाऱ्या औषधांच्या चाचण्या सुरू आहेत, हाती अजून काही नाही, असं मॅडम सांगतात. मग अशा वेळी कुणी निवृत्त होतं का? सगळ्यांनी सुखी निवृत्तीच्या शुभेच्छा दिल्या. मी देत नाही. मले भेव वाटते, मॅडम. अर्धं सांगणारे दवाखान्यात पुष्कळ भेटतील. उरलेलं सांगायला घरापर्यंत कोण येईन?

आयोजकांनी बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. काही उणंअधिक बोलले असेन तर पोटात घाला. रुही मध्येच मोठ्यानं हसली, तिलाही सांभाळून घ्या. मॅडम दिसल्या की तिचं असंच होतं. उद्यापासून त्या दिसणार नाहीत, हे तिला कसं सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.