नीलमची बोटीतली शेगडी

हॅलो? … हॅलो, कोण? … अक्का! हो, हो, कलाच बोलतेय. धावत आले गं, पिठाचे हात तसेच… भरतभाईंच्या दुकानातून. दुसरीकडे कुठं फोन आहे आपल्याला? … मोठ्यानं बोल, मागं लूम चालू आहेत, खटखट-खटखट, काही ऐकू येत नाही.

काय म्हणतात शिरपूरवाले? … रविवारी येतात? नीलमला बघायला? सगळे? … तुझ्या तोंडात साखर पडो अक्का!

नीलम? नाही, घरी नाही ती. मगदल्ल्याच्या बंदरावर गेलीय, बोटीवर. … बोटीवर, बोटीवर! … फिरायला कशाला जाईल? शेगडी बसवायला. … हो, बोटीत शेगडी! अगं ऐक ना, तुला कधी सांगते असं झालं होतं मला.

एक गोरा साहेब आहे आणि त्याची मॅडम. दोघंच शिडाच्या बोटीतून मुलूख हिंडतात. … म्हातारी आहेत गं, केस पांढरे. बोट दुरुस्तीला आलीय, आता इथून थंड मुलखात जायचं त्यांना. … तेच ना! आपला स्वेटर सुरतेत पेटीतून निघत नाही, आणि ह्यांना बोटीत शेगडी हवी. हसू नको. तिकडं गारठ्यानं अंथरूणसुद्धा ओलं होतं म्हणे.

मग बोटीच्या कारखान्यानं आमच्या ह्यांना बोलावलं, वेल्डिंगचं काम ना ह्यांचं. … डोळे तसेच गं. वेल्डिंगच्या उजेडाकडे बघायचंच नाही म्हणालेत डॉक्टर. आता सगळं काम नीलमच करते. … हो अक्का, पोरगीच करते. आधी हे बाजूला बसून सांगायचे, आता तर सांगतही नाहीत. नुसता चहा पितात.

ऐक ना. साहेबाच्या मनात होता रॉकेलचा स्टोव्ह. नीलम म्हणाली… हिंदीत गं, फडाफडा बोलते ती… म्हणाली, रॉकेलनं वास येईल, भिंतींना ओल सुटेल. गॅस म्हणाल तर गळून बोटीच्या तळाशी साचतो. त्यापेक्षा कोळसा-लाकूड बरं, कोरडी ऊब. … साहेबालाही ठाऊक होतं सगळं, पण राख काढायचा कंटाळा! मॅडम म्हणाली, राख मी काढीन. मिटलं.

मग केवढी करायची? साहेब म्हणे, मोठी. नीलम म्हणाली, तुमची खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी. मोठी केली तर भाजून निघाल, मग विस्तव दाबाल, आणि काजळी जाऊन बसेल धुराच्या नळीत. लहानच करू, पण मोकळी पेटू दे. … अगं, तेलाच्या डब्याएवढी! जाड पत्र्याची, आतून भट्टीच्या विटा. वर कठडा, बोट हलली तरी किटली घसरायला नको. पाय बोल्टनं आवळलेले. मागच्या लाकडावर पत्रा, मध्ये वारा खेळायला फट.

धूर? झाला की! पहिल्यांदा पेटवली तर साहेब, मॅडम, मी, सगळे खोकत वर. … मी होतेच ना! नवी चूल, दूध नको का उतू घालायला? पातेलं घेऊनच गेले होते. … चूक तिचीच. उघड्यावर पेटवून बघितली होती, तिथं झक्क पेटली. बोटीत दारं-खिडक्या बंद, विस्तवाला वाराच नाही. … रडली? नीलम? छे! तोंड काळंकुट्ट, म्हणते कशी, "आई, घरी जा, उद्या ये दूध घेऊन."

वारा आत यायला वाट केली, नळी हातभर वाढवली. दुसऱ्या दिवशी दार लावून पेटवली… अक्का, उदबत्तीएवढाही धूर नाही! दूध असं उतू गेलं, नव्या काळ्या रंगावर ओघळ. मॅडम बिचारी फडकं घेऊन धावली, तिला वाटलं बिघडलं काहीतरी. मी म्हटलं, राहू दे बाई, हेच पाहिजे. … ऊर भरून आला गं. एवढा अभिमान मला जन्मात कशाचा वाटला नाही.

… काय? … पुन्हा बोल. … शिरपूरवाल्यांना सांगायचं नाही? … शिवणकाम करते म्हणू? अगं, तिला बटण लावता येत नाही! … हातावरचे भाजल्याचे डाग? कोपरापर्यंत बांगड्या भरू? … हो, वेल्डिंग. … हो, पुरुषांत बसून. … हो, पॅंट घालून. तू एवढी ओरडतेस कशाला? … कुठून बोलतेयस तू? … कुणाच्या घरून? … अगं माय! त्यांच्याच? आणि मघापासून "वेल्डिंग लपव, डाग लपव" म्हणून बोंबलतेयस? … मुलाचे वडील? काशीरामभाऊ? बैठकीतच बसलेत? … नको, नको देऊ फोन, मी काय बोलू—

… रामराम भाऊ. … हो. … ऐकलंत ते खरं आहे. … अक्कावर रागावू नका, तिला आमची काळजी.

हां भरतभाई, बे मिनिट, बस बे मिनिट!

… नाही भाऊ, आता नाइलाज म्हणून नाही करत. सुरुवातीला होता. आता तिला आवडतं. … लग्नानंतर? … भाऊ, स्थळ चांगलं आहे, मला कळतं. मुलगा सूतगिरणीत कायम आहे, तेही कळतं. पण ती काम सोडेल असा शब्द मी देणार नाही. माझी पोर आहे, तिचा हात मी कसा विकू? … मग नका येऊ. राग नाही.

… हॅलो? … भाऊ, आहात ना?

… कोण विचारतंय? मुलगा? … तोही तिथंच? … धूर कसा थांबला ते? … अहो, मला अर्धंच कळलं, तिलाच विचारू दे.

… रविवारी? या ना, या. पण घरी नको, उधना स्टेशनाजवळ वर्कशॉपला या. एका गिऱ्हाइकाचं फाटक द्यायचंय तिला. … भेटेल ना. पण आत्ताच सांगते, तुम्ही आलात म्हणून ती मान वर करणार नाही. तोंडापुढं काच असेल. सांधा पुरा होईपर्यंत उभं राहावं लागेल. … सगळ्यांना, हो. मुलालाही.

… राहाल उभे? … बरं. ठेवते मग.