नावाड्यासाठी प्रार्थना

चीनमधल्या वेन्झोऊ शहरात, बसमध्ये लेखिका यिंगहेच्या मागच्या सीटवर चर्चहून परतणाऱ्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"अगं शुए, ज्या लाओ फानसाठी तू अख्ख्या चर्चला प्रार्थनेला बसवलंस, तो नावाडी पेपरात रोज थोडी थोडी येणाऱ्या कादंबरीतला आहे!"

"मला काय ठाऊक? नातीनं वाचून दाखवलं, मला भडभडून आलं."

"पास्टरांनी त्याच्यासाठी उपास धरलाय!"

"धरू देत. तेवढंच पोट उतरेल."

"हसतेस काय? आता लोकांना काय सांगायचं?"

"आधी त्याला वादळातून घरी येऊ दे. कागदावरचा माणूस देवाला वाचवता येत नाही होय?"

पेपरच्या कचेरीचा थांबा आला. यिंगहेच्या पिशवीत त्याच कादंबरीचं शेवटचं प्रकरण होतं. त्यात लाओ फान बुडाला होता. ती उतरलीच नाही. तिनं पेन काढलं आणि हलत्या बसमध्येच त्याची होडी किनाऱ्याकडे वळवली.