धुराड्याला वळसा

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय अण्णासाहेब, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनातून वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या विजयालक्ष्मीबाई, व्यासपीठावरचे मंडळाचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सगळे करोल बागेच्या रविवारच्या गर्दीतून वाट काढत इथवर आलो त्या आपल्या अरुणाबाई साळवे, आणि पंख्याखालच्या जागा आधीच पटकावून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी श्रीरंग देवस्थळी. मंडळाच्या समारंभांत आभार मानायचं काम चाळीस वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे माझं नाव पुकारलं की लोक चपला शोधायला लागतात. आज जरा थांबा. सूत्रसंचालक अविनाशरावांनी चिठ्ठीवर ‘पाच मिनिटं’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. पण अविनाशराव, आज मी तुमचं ऐकणार नाही.

अरुणाबाईंबद्दल मी नवीन काय सांगणार? सव्वीस वर्षं दर रविवारी याच हॉलमध्ये त्यांनी आपल्या मुलांचा मराठीचा वर्ग घेतला. आपली मुलं घरात ‘आई, भूख लागली’ म्हणणारी. आकाशात बोट दाखवून ‘चील!’ ओरडणाऱ्या पोरांना बाईंनी ‘घार’ हा शब्द दिला, ‘घिरट्या’ हा शब्द दिला. बाई परवा दिल्ली सोडून पुण्याला, सरलाताईंकडे, म्हणजे धाकट्या बहिणीकडे कायमच्या राहायला जातायत. आता चील की घार हे कोण सांगणार? आपण तर नाही. आपण घरी हिंदी बातम्या बघतो.

हे सगळं माझ्याआधीच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा छान सांगितलं. मला वेगळं बोलायचं आहे. मला दिनकरबद्दल बोलायचं आहे.

नव्या मंडळींसाठी सांगतो. दिनकर साळवे हे अरुणाबाईंचे यजमान आणि माझा जिवलग मित्र. जाऊन चार वर्षं झाली. मूळचा नगरचा, मराठी ख्रिस्ती घरातला, सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायला होता. रेघ चुकली तर खोडणार नाही, नवा कागद घेणार. आमच्या जमान्यात ताप न येता तापाची रजा सगळेच घ्यायचे, मी तर हमखास. दिनकरने आयुष्यात एकदाही घेतली नाही. म्हणायचा, ‘श्रीरंग, ताप आला नाही तर आला कसा लिहू?’ असा माणूस. त्याला माझ्यासमोर एकदाच खोटं बोलताना मी ऐकलं, आणि आज तेच सांगायला उभा आहे.

आम्हा दोघांना एक वेड होतं. ग्लायडर. म्हणजे इंजिन नसलेलं विमान. जमिनीवरचं यंत्र लांब तारेने त्याला खेचून वर फेकतं, तार सुटते, आणि मग तुम्ही आणि वारा. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा झोत वर चढतो, तो सापडला तर त्यात घिरट्या घालत वर जायचं, नाही सापडला तर पाच मिनिटांत खाली. झोत कुठे आहे ते घारींना कळतं, म्हणून आम्ही सारखे घारी शोधायचो. दिनकर रविवारी सकाळची प्रार्थना उरकून तसाच पांढऱ्या शर्टात मैदानावर यायचा आणि संध्याकाळी त्या शर्टाचं जे झालेलं असायचं त्यावरून अरुणावहिनी मला बोलायच्या. त्याला नाही, मला.

एकोणीसशे अडुसष्टच्या मे महिन्यात इथे दिल्लीत ग्लायडिंगची स्पर्धा ठरली. आम्ही दोघांनी स्पर्धा कधी पाहिलीसुद्धा नव्हती. आमच्या गटाला ग्लायडर एकच आणि जायला तयार दोघे. आम्हाला उडायला शिकवणाऱ्या गुरुजींनी नाणं उडवलं. छापा पडला. मी काटा म्हटलं होतं.

दिनकरने मला बाजूला घेतलं. म्हणाला, ‘तुला फार वाटतंय ना? तू जा.’ मी काय म्हणालो? ‘मला उपकाराचं उड्डाण नको.’ असं म्हणालो, आणि तोंड फिरवलं. तेहतीस वर्षांचा बाप्या, घरी दोन मुलं, आणि नाण्यावर रुसलो होतो. मग मला दिनकरचा मदतनीस नेमलं. पंख पुसायचे, पट्टे आवळायचे, तो कुठे शेतात उतरला तर जीप घेऊन आणायला जायचं. आणि कॅमेऱ्यात फिल्म भरायची.

ही कॅमेऱ्याची भानगड समजून घ्या, कारण सगळं तिथेच आहे. स्पर्धेतली कामगिरी अशी होती : इथून उडायचं, गाझियाबाद ओलांडून हापूडच्या बाजूला एका साखर कारखान्याचं धुराडं होतं, त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. जाऊन आलो हे पंचांना कसं कळणार? म्हणून उडण्याआधी त्या दिवसाची कामगिरी लिहिलेल्या फळ्याचा फोटो काढायचा, मग वरून धुराड्याचा. शब्दाला किंमत नाही, फोटोला किंमत. नियमच तसा.

त्या जुन्या कॅमेऱ्यांत फिल्म चक्राच्या खाचेत नीट अडकवावी लागायची. अडकली की नाही हे बाहेरून कळायची एकच खूण. फिल्म पुढे सरकवताना दुसऱ्या टोकाची गुंडी आपोआप फिरते. फिरली तर ठीक. नाही फिरली तर आत फिल्म जागच्या जागी, तुम्ही कितीही फोटो काढा. ही गुंडी बघायची असते. लहान मूलही बघेल.

भर उन्हात मी फिल्म भरली. डोक्यात ते नाणं. दिनकर आत बसला होता, पट्टे आवळलेले, टोपी कपाळावर. त्याने कॅमेरा हातात घेतला आणि विचारलं, ‘श्रीरंग, गुंडी बघितलीस ना?’

मी म्हणालो, ‘हो रे बाबा, बघितली. चल आता.’

मी बघितली नव्हती.

मुद्दाम केलं का? विजयालक्ष्मीबाई, तुम्ही पाहुण्या, तुमच्यासमोर हे कुठे काढलं असं वाटेल, पण हा प्रश्न मी स्वतःला एकतीस वर्षं विचारतोय. मुद्दाम नव्हतं केलं. पण त्याचं नीट व्हावं असं त्या क्षणी मला मनापासून वाटत होतं का? नव्हतं वाटत.

फळ्याचा फोटो त्याने आम्हा सगळ्यांसमोर काढला. मग उडाला. दुपारभर मी मैदानावरच्या टेलिफोनपाशी बसून. एकेकाचा फोन येत होता, कुणी नदीकाठच्या खरबुजाच्या वाडीत उतरलेला, कुणी दादरीच्या शाळेच्या पटांगणात. दिनकरचा फोन नाही. चार वाजले, पाच वाजले. मनात नको ते यायला लागलं. सव्वापाचला कडुनिंबांच्या शेंड्यांवरून, अगदी खालून, एक पांढरा पंख आला. उतरला. त्या दिवशी जाऊन परत आलेला एकटा दिनकर साळवे! तोंड उन्हाने भाजून लाल. मला मिठी मारून म्हणाला, ‘अरे, यमुनेवर तर संपलोच होतो, हवा नुसती खाली ओढत होती. आणि गाझियाबादच्या कारखान्यांच्या पत्र्यांवर काय झोत मिळाला यार! धुराडं इतकं जवळून बघितलं, वरची काजळी दिसली.’ लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मीसुद्धा घेतलं. आणि त्याला खांद्यावर घेतलेला असताना मला ती गुंडी आठवली.

तासाभराने फिल्म धुऊन आली. काचेसारखी स्वच्छ. धुराडं नाही, आणि सगळ्यांसमोर काढलेला फळाही नाही. म्हणजे फिल्म सरकलीच नव्हती, हे पंचांनाही कळलं. भले लोक होते. त्यांनी विचारलं, ‘फिल्म किसने भरी थी?’ मदतनीसाची चूक लेखी कबूल झाली असती तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उडायची संधी द्यायचा त्यांचा विचार दिसत होता. दिनकरने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी दोन पावलांवर उभा होतो. एवढंच म्हणायचं होतं, ‘मैंने.’ मी बुटांकडे बघत राहिलो.

दिनकर म्हणाला, ‘मैंने भरी थी, साहब.’

शून्य गुण. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी आज इथे रडत नसतो. पण लोकांना फिल्मचं तंत्र कुठे कळतं? महिन्याभरात अशी कुजबुज पसरली की साळवे अर्ध्यातूनच वळला, आणि फिल्मचं निमित्त केलं. मैदानावर पाऊल टाकलं की कुणीतरी हाक मारायचं, ‘साळवे साहब, फोटो लाए क्या?’ तो हसायचा. पावसाळ्याआधीच त्याने यायचं बंद केलं. विचारलं तर म्हणाला, ‘रविवारी अरुणाला वेळ द्यायला हवा.’ आणि मी? मी पुढच्या वर्षी स्पर्धेत उडालो. हो. त्याच ग्लायडरमध्ये.

नको अविनाश, पाणी नको. होतंय बोलून.

त्यानंतर सत्तावीस वर्षं आमची मैत्री होती. लोधी कॉलनीत शेजार, मग तो निवृत्त होऊन गाझियाबादला गेला तरी महिन्यातून एकदा मी त्याच्या गच्चीवर चहाला. ज्या गाझियाबादवर त्याला झोत मिळाला तिथेच फ्लॅट घेतलास की, असं मी गमतीने एकदाही म्हणू शकलो नाही. तो विषय आमच्यात निघालाच नाही. तो विसरला असेल, अशी मी सोयीची समजूत करून घेतली होती.

एकदाच निघाला होता, याच हॉलमध्ये. वहिनींच्या वर्गात ‘घार’ शिकवायची होती म्हणून दिनकरला बोलावलं होतं. त्याने हात पसरून घिरट्या घालून दाखवल्या. मी खुर्च्या लावत होतो. एका मुलीने विचारलं, ‘अंकल, तुम्ही जीतले का?’ दिनकर म्हणाला, ‘नाही बाळा, फोटो आला नाही.’ मुलं गेल्यावर वहिनी त्याला हळूच म्हणाल्या, ‘खरं सांग, गेला होतास ना रे तिथपर्यंत?’ घरच्या बायकोलाही शंका! तो म्हणाला, ‘तुला काय वाटतं?’ आणि फळा पुसायला लागला. मी खुर्च्याच लावत राहिलो.

दिनकर गेला तेव्हा मला वाटलं, आता हे माझ्याबरोबरच संपेल.

गेल्या रविवारी वहिनींकडे सामान बांधायला मदतीला गेलो होतो. दिनकरच्या नकाशांच्या पेटीच्या तळाशी फिल्मचा एक ॲल्युमिनियमचा डबा निघाला. वर चिकटपट्टी, त्यावर त्याचं ते नकाशावरचं सरळ अक्षर : ‘श्रीरंगने विचारलं तरच द्यायची.’

वहिनींनी मला विचारलं, ‘भावजी, ही कसली फिल्म? तुम्ही कधी मागितली कशी नाही?’

आणि मंडळी, मी म्हणालो, ‘आठवत नाही बुवा.’

चौसष्ट वर्षांचा झालो आहे. मित्र मातीत गेला. तरी जीभ तेच बोलली. वहिनींनी डबा उघडला नाही, नीट पुसला आणि पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, ‘आठवलं तर सांगा.’ तिथून घरी येईपर्यंत बसमध्ये मी पट्टीवरचे ते चार शब्द मनात वाचत होतो. तो विसरला नव्हता. त्याने मला पकडलं नाही, हिणवलं नाही, पण वाट बघितली. मी एकदा तोंड उघडीन म्हणून सत्तावीस वर्षं चहा पाजत राहिला. आणि मी दर वेळी साखर कमी आहे म्हणून कुरकुर करून परत आलो.

तर वहिनी, मला आठवलं. तेव्हाही आठवत होतं. फिल्म मी भरली होती, गुंडी मी बघितली नव्हती, आणि बघितली असं त्याला मी सांगितलं होतं. दिनकरने विचारायची अट घातली होती, म्हणून या सगळ्यांसमोर विचारतो. ती कोरी फिल्म मला द्याल का? ती माझीच आहे.

अध्यक्ष महाराज, तुम्ही वेळ दिलात, पाहुण्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, सभागृहात एकही चप्पल वाजली नाही, सगळ्यांचे मनापासून आभार. अरुणाबाईंच्या सव्वीस वर्षांचे आभार तर मंडळाला फिटणारे नाहीत. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा असावी, हे वाक्य मी या माइकवर शेकडो वेळा म्हटलंय आणि खाली बसलोय. आज पहिल्यांदाच ते मी खरोखर कुणाला तरी म्हणतोय. बाकीच्यांनी क्षमा नाही केलीत तरी चालेल. वहिनी, तुम्हीसुद्धा आत्ताच करू नका, पुण्याला गेल्यावर सावकाश ठरवा. पण त्या दिवशी तुम्ही त्याला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तरी घेऊन जा.

गेला होता, वहिनी. दिनकर तिथपर्यंत गेला होता, आणि धुराड्याला वळसा घालून परत आला होता.