पडद्यामागची दुपार

—नाय गं संस्कृती, डोकं नाय फिरलं माझं. ये, आत ये, आधी दार लोट. ऐकलंस ना सगळं? एप्रिलच्या उकाड्यात अंगावर शाल घेऊन मी सासूबाईंना सांगत होते, आई, बाहेर लई गार वारं सुटलंय—आणि तू दारात उभी. तुझं तोंड बघितलं अन् फोन आटोपता घेतला. बस त्या बॅगेवर, खुर्ची नाय आमच्याकडं. थांब, कूलर लावते. व्हिडिओ कॉल चालू असला की बंद ठेवावा लागतो, पलीकडं आवाज जातो त्याचा. विशाखा, काढ गं ते स्वेटर, झाला आजीचा फोन. बघ कशी लाल झाली पोरगी, मान सगळी घामोळ्यांनी भरली. सासूबाई मघाशी तेच विचारत होत्या—लेकराचं तोंड असं लालबुंद का? म्हटलं, थंडीनं, आई. तिकडच्या थंडीनं गाल लाल होतात म्हणे.

तो बल्ब बघतेस व्हय? असू दे, हे आल्यावर काढतील. खिडकीच्या बाहेर टांगलाय अन् मधी पांढरी चादर. आपल्याकडं रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिथं दुपार असते, साडेचारची. मग आमच्या खिडकीत उजेड नको का दिसायला? विशाखाचे पप्पा इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना काय अवघड—दोन तास खटपट करून दुपार केली त्यांनी. पहिल्या दिवशी लई पिवळी दिसत होती, मग पांढरा बल्ब आणला. मी हसले होते त्या दिवशी. खरंच हसले होते. आता हसू येत नाय.

तिथं म्हणजे कुठं? जर्मनीत गं. आम्ही जर्मनीत आहोत. म्हणजे पिशोरमध्ये सगळ्यांना तसं माहीत आहे. आम्ही मूळचे पिशोरचे—तुझ्या आईला सांगितलं बिडकीनचे, तेही काही खोटं नाय, बिडकीनला पाच-सहा वर्षं राहिलो, आधार कार्डावर तिथलाच पत्ता आहे. हे तिथल्या कंपनीत मेंटेनन्सला होते. पक्की नोकरी. तुझ्या आईनं आडनाव विचारलं तेव्हा मला वाटलं, गेली ही खोली. पण तिनं विचारलं तेवढंच, नंतर किल्ली हातात ठेवली. चांगली आहे तुझी आई. तिच्याशी खोटं बोलायला माझी जीभ जड होते.

नाय, आम्हाला कुणी फसवलं नाय, तसं नको समजू. फसवलं असतं तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. सगळं कायद्यानं केलं होतं यांनी. दीड वर्ष जर्मन भाषा शिकले, रात्रपाळी करून सकाळी क्लासला जायचे, डोळे तारवटलेले. परीक्षा पास झाले. तिथल्या कंपनीनं फोनवर मुलाखत घेतली, पत्र दिलं—काम काय, पगार किती, बायको-पोरीची राहायची सोय काय, सगळं लिहून. आणि माणूस कसा आहे माहिती आहे का? कंपनीत मशीनला हात लावायच्या आधी मेन बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप घालायचं अन् चावी आपल्याच खिशात ठेवायची, असा नियम आहे. एकदा साहेब म्हणाला, राहू दे रे कुलूप, दोन मिनिटांचं काम आहे. तर हे गुमान उभे राहिले. कुलूप सापडेपर्यंत हलले नाय. लोक चिडवायचे, कुलूपवाले आले म्हणून. असा माणूस, ध्यानात ठेव. मी पुढं जे सांगणार आहे ना, ते ऐकताना हे ध्यानात ठेव.

कागदपत्रं बघणाऱ्या मुंबईच्या ऑफिसातून फोन आला—अमक्या तारखेला या, व्हिसा लागलेले पासपोर्ट घ्या अन् त्याच रात्रीचं विमान पकडा. व्हिसा हातात आला नव्हता, पण आल्यासारखाच होता ना? झालं. आमच्या वस्तीत कुणी पुण्याला चाललं तरी माणसं फाट्यापर्यंत सोडायला येतात, इथं तर जर्मनी. बसस्टँडवर फ्लेक्स लागला. वर बुद्ध, बाजूला बाबासाहेब, खाली आम्ही तिघं—विशाखाचा गॉगल घातलेला फोटो. हार्दिक अभिनंदन. विहारात सत्कार झाला. नानासाहेब म्हणून आमच्याकडचे म्हातारे गुरुजी आहेत, ते बोलायला उठले. म्हणाले, बाबासाहेब सातासमुद्रापार शिकायला गेले, तेव्हा आपल्याला चावडीवर उभं राहायची सोय नव्हती, आज आपला संघपाल बायको-पोर घेऊन चाललाय. आमचे सासरे, बन्सीबाबा, जन्मभर लोकांच्या विहिरी खांदल्या त्यांनी, कधी डोळ्यात पाणी बघितलं नव्हतं मी त्यांच्या—ते रडले. घराघरातून जेवणं झाली. सात साड्या आल्या मला. बिडकीनच्या कंपनीतल्या पोरांनी वर्गणी काढून ही बॅग दिली, तू बसलीस ती.

आणि मुंबईला गेलो तर पासपोर्ट कोरे. ऑफिसातला माणूस बिचारा वर बघेना. म्हणाला, तिकडच्या कंपनीचं काम कमी झालंय, नवीन माणसं घेणं थांबवलंय, सकाळीच कळवलंय. कंपनी नाय तर पत्र नाय, पत्र नाय तर व्हिसा नाय. पुढं बघू म्हणाला. यांनी काही भांडण केलं नाय. नुसतं विचारलं, पुढं म्हणजे कधी? त्याला काय माहीत.

रात्रीच्या बसनं परत निघालो. पिशोरला जायचं कसं, म्हणून अलीकडंच, इथं शहरात उतरलो. अतुल म्हणून यांचा मित्र आहे, त्यानं ही खोली बघून दिली. चार दिवस राहू, मन घट्ट करू, मग घरी जाऊन सांगू, असं ठरलं होतं. विशाखा बसमध्ये झोपली होती, तशीच खांद्यावर टाकून आणली. सकाळी इथं जागी झाली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं अन् म्हणाली, पप्पा, आली का जर्मनी? आणि हे म्हणाले, हो. बस, एवढंच. मी स्टोव्ह पेटवत होते, माझ्या हातातली काडी तशीच जळत गेली. पोरीला नाय म्हणवेना त्यांना. एवढ्या सगळ्यात त्यांना एक नाय म्हणवेना.

मग दुपारी यांनी आईला फोन लावला, खरं सांगायलाच लावला होता गं—तर पोरीनं फोन ओढून घेतला. आजी, आम्ही जर्मनीत आलो, इथं उंच उंच बिल्डिंगी आहेत. पलीकडून आमच्या सासूबाईंचा, गोजरबाईंचा, एकदम आवाज फुटला. अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं त्यांनी, पोहोचली गं माझी लेकरं. बायका जमल्या, एकेकीनं जय भीम घातला फोनवर. आणि हे फोन कानाला लावून उभे. हो आई, हो आई, हो आई.

त्याला दोन महिने झाले. विशाखाला अजून वाटतं, हीच जर्मनी. आम्ही पण तसंच राहू दिलं, म्हणजे फोनवर ती खोटं बोलत नाय, तिच्यापुरतं खरंच बोलते. आजीला सांगते, जर्मनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. सासूबाई म्हणतात, तिकडं पण तसंच का गं बाई? अन् त्यांना बरं वाटतं. जर्मनीत गाढवाएवढे कुत्रे आहेत, जर्मनीतला भाजीवाला चांगलाय, कोथिंबीर फुकट देतो. हिनं एकदा खिडकीतून त्याला पप्पांनी शिकवलेलं गुटन मॉर्गन, म्हणजे गुड मॉर्निंग केलं, तेव्हापासून तो पण गाडी थांबवून तसंच म्हणतो. हसतेस? हस, मलाही हसायला येतं. पण येत्या जूनमध्ये तिला शाळेत घालायचंय, संस्कृती. कुठल्या शाळेत घालू? बाहेर सोडता येत नाय तिला. पिशोरची माणसं दवाखान्याला इथंच येतात, पोरं क्लासला इथंच. यांनी वायरिंगची कामं धरलीत, पार चिकलठाण्याकडं, नाय तर वाळूजला. ऊन आहे म्हणून बरं, तोंडाला रुमाल बांधून फिरलं तरी कुणाला काही वाटत नाय. पावसाळ्यात काय करतील?

सासऱ्यांनी तो फ्लेक्स सोडून आणलाय, माहितीय? अंगणात मांडवासारखा बांधलाय. मघाशी फोनवर दाखवला. आमच्या तोंडांच्या सावलीत बाज टाकून बसतात दोघं.

—नाय, रडत नाय मी. ऐक ना, मुद्द्याचं राहिलंच. क्रांती चौकात यांना एक माणूस भेटला. तो म्हणतो, फिरायला चाललो म्हणून जर्मनीचा व्हिसा काढायचा, तिघांचा. एकदा उतरलं की परत यायचंच नाय. गोदामात काम आहे, माल चढवायचा-उतरवायचा, मालक आपल्यातलाच, तोच खोली देतो, पासपोर्टही तोच ठेवून घेतो. कशासाठी ठेवतो? तर म्हणे सांभाळायला. मी विचारलं, पोर तापानं फणफणली तर कुठल्या डॉक्टरकडं न्यायची? कोणता कागद दाखवायचा? शाळेचं काय? उद्या पोलिसांनी धरलं तर तिला एकीकडं अन् आपल्याला एकीकडं ठेवतील का हो? तर म्हणाले—माझ्याकडं बघितलं नाय, भिंतीकडं बघून म्हणाले—निशा, आत्ता तरी काय वेगळं करतोय आपण? लपूनच तर राहतोय. तिथं लपू. निदान आईला जे सांगितलं ते तरी खरं होईल.

हा तोच माणूस बघ, कुलपाशिवाय मशीनला हात न लावणारा. घरी चला म्हटलं तर म्हणतात, त्या विहारात मी कोणत्या तोंडानं बसू, नानासाहेबांच्या समोर? मी म्हटलं, हसतील चार दिवस, मग विसरतील. तर म्हणाले, हसले असते तर गेलो असतो गं. ते हसणार नाय, ते समजून घेतील, तेच नाय झेपायचं मला. आज संध्याकाळी त्याच माणसाकडं गेलेत. पासपोर्ट घेऊन. मी विशाखाचा पासपोर्ट लपवावा म्हणून डब्यात ठेवला होता, मग वाटलं, विचारलं तर काय सांगू? परत काढून जागेवर ठेवला. असली मी.

सासूबाईंना मीच सांगून टाकावं, असं नाय वाटत का मला? रोज वाटतं. आज शाल अंगावर घेतली तेव्हासुद्धा वाटलं, टाकावी काढून, म्हणावं, आई, इथंच आहोत आम्ही, सकाळच्या बसनं येतो, भाकरी टाका. पण यांनी विशाखाच्या डोक्यावर हात ठेवायला लावलाय मला. माझ्या तोंडून घरी कळणार नाय म्हणून. शपथ-बिपथ आम्ही मानत नाय गं, पण पोरीचं डोकं आहे ना ते. हाताखाली ऊब लागली होती तिची. आता कसं मोडू?

तुझी आत्या पिशोरला दिलीय ना? परवा जिन्यात तुझी आई बोलली. यांना नाय सांगितलं मी. सांगितलं असतं तर त्याच रात्री खोली सोडली असती यांनी. का नाय सांगितलं, ते मलाही नीट उमगत नाय. तुझी आत्या दर दोन दिवसांनी फोन करते, असंही म्हणाली तुझी आई. दुकान आहे ना त्यांचं, स्टँडजवळ? मग बघितला असेल की फ्लेक्स. रोजच बघितला असेल.

नाय नाय, मी तुला काही करायला सांगत नाय. दहावीचं वर्ष तुझं, तू कशाला पडतेस. तू बोलत नाय म्हणून तर बोलले एवढं, तुझ्यासमोर बोललं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं—राग नको मानू, चांगल्या अर्थानं म्हणतेय. फक्त एक विचारते. समजा एखादी गोष्ट मी नाय सांगितली, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून गेली, सहज, बोलता बोलता, तर त्यात माझा हात पोरीच्या डोक्यावरून—

थांब. जिन्यात पाय वाजले. हेच आहेत.

—दार उघडंच आहे, या. काही नाय ओ, खालची संस्कृती, विशाखाशी खेळायला आलती. पाणी देऊ? —हं. झालं का काम? —दिले? तिन्ही दिले? —बरं. कधीचं म्हणतात? —बरं. —नाय, आवाजाला काय झालंय, ठीकच आहे आवाज. आईंचा फोन झाला, मजेत आहेत, तुमची आठवण काढत होत्या. —हो, बल्ब राहिलाय काढायचा. जेवून काढा.

ऊठ संस्कृती, तुझी आई वाट बघत असेल. आणि हे बघ—आत्याचा फोन आला ना, की आमचा जय भीम सांग तिला. उस्मानपुऱ्यात तुमच्या वरच्या खोलीत राहतात, संघपाल आणि निशा, असं नाव घेऊन सांग.

—कोण आत्या म्हणजे? हिची आत्या, अहो. पिशोरला दिलीय.

जा तू, संस्कृती. दार ओढून घे.