पाणी उलटे फिरले तर

हॅलो?… हो बाई, मीच. नमस्कार करतो… नाही, नाही, विसरलो नाही. चारची चाचणी म्हणजे चारलाच. आपल्या शाळेत सातवीपर्यंतच टिकलो, परंतु घंटेचे भय अजून अंगात आहे.

आपण पुस्तकांच्या कपाटापाशीच आहात ना?… आणि विजेरी?… उत्तम. छताकडे लक्ष असू द्यावे. बरोबर तेथेच, वरच्या बाजूस, माझी टाकी आहे.

हो, पाणी सध्या फिरते आहे. ती घरघर मोटारीची… रचना सांगू का?… थोडक्यात, हो. वर काचेची मोठी टाकी. तिच्या कोपऱ्यात एक कप्पा. पाणी काठावरून त्या कप्प्यात पडते, तेथून पाइपाने तिच्याखाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत उतरते. तेथे गाळून झाले की मोटार तेच पाणी दुसऱ्या पाइपाने पुन्हा वर चढवते. अखंड… कशासाठी म्हणजे? प्रवाळासाठी! प्रवाळ हा प्राणी आहे बाई, झाड नव्हे. परंतु जागचा हलत नाही. त्याचा घास पाण्यानेच त्याच्या तोंडाशी आणून दिला पाहिजे… हो, आमच्या हिचेही तेच म्हणणे आहे, की घरात असा एक प्राणी आधीच आहे.

मागच्या वेळी?… ते मी नाकारत नाही. लाइट गेली, मोटार थांबली, आणि वर चढवणाऱ्या पाइपानेच पाणी उलटे खाली ओढले. खालची टाकी भरून वाहिली आणि आपल्या विश्वकोशाचे अकरा खंड भिजले. पानापानाला या हातांनी इस्त्री केली आहे, विसरेन कसा?… झडप होती ना! उलटे पाणी अडवायलाच बसवली होती. मिठाचा क्षार साचून ती उघडीच राहिली. म्हणून या खेपेस झडपेवर भिस्त ठेवलीच नाही. पाइपाच्या वाकणाला, पाण्याच्या पातळीलगत, एक भोक पाडले आहे. मोटार थांबली की भोकातून हवा शिरेल आणि पाण्याची ओढ तुटेल.

हो, माझा शब्द कायम आहे. आज एक थेंब जरी बाहेर सांडला, तर टाकी या घरात राहणार नाही. मेहुणा न्यायला टपूनच बसला आहे.

अगं, बटणापाशी थांब. मी सांगेन तेव्हाच बंद कर… आपल्याला नाही बाई, हिला.

काय म्हणालात?… क्षाराने झडप धरली, तर… हो… भोकही…

…

थांबावे, भोक नीट पाहतो.

बाई, प्रश्न बिनतोड आहे. भोकात बसणार नाही, असे त्या क्षाराने मला काही लिहून दिलेले नाही. तेव्हा चाचणीही तशीच झाली पाहिजे. भोक बुजले आहे असे धरून… नाही, धरून कशाला, बुजवतोच. अंगठा ठेवतो त्यावर… अगं, वेडेपणा कसला त्यात?… नाही बाई, ही म्हणते, पेपरात नसलेला प्रश्न कशाला सोडवता.

गणित केलेले आहे. पाइपाचे तोंड पाण्यात दोनच बोटे बुडालेले आहे. पातळी तेवढी उतरली की तोंड उघडे पडणार, ओढ आपोआप तुटणार. दोन बोटांचे पाणी म्हणजे बावीस लिटर. खालच्या टाकीत मोकळी जागा तीस लिटरची. आठ लिटर हातचे राहतात.

फोन खांद्याशी धरला आहे, आवाज दबका येईल… ठेवला अंगठा. अगं, कर बंद!

… थांबली मोटार. गुळगुळ ऐकू येते?… तेच ते, उलटे पाणी. खालच्या टाकीत चढते आहे. अगं, किती राहिलं, मोठ्यानं सांग ना!… चार बोटे, बाई… तीन… नाही, वर तोंड अजून बुडालेलेच आहे… दोन… बाई, येथे काहीतरी चुकते आहे… एक बोट…

कप्पा! कोपऱ्यातल्या कप्प्यातले पाणी मी धरलेच नाही! तेही खालीच उतरणार!

… नाही काढणार! अगं, अंगठा काढला की थांबेल, हे मलाही कळतं! उद्या तिथं मीठ बसलं, तर ते काय तुझं ऐकून बाजूला होणार आहे? टॉवेल टाक… पसर, पसर!

… पडले. तोंड उघडे पडले. थांबले पाणी, बाई.

आपल्याकडे?… एकही नाही? नीट पाहावे… कपाटाच्या मागे?… कोरडे?…

अगं, डोळे काय वटारतेस माझ्यावर?

बाई, क्षणभर थांबावे. उत्तीर्ण म्हणू नका. येथे सांडले आहे… फरशीवर. हिने टॉवेलात टिपले, म्हणून आपल्यापर्यंत आले नाही… थेंब नव्हे, चांगले वाटीभर. आपल्याला दिसले नाही म्हणून ते सांडलेच नाही, असे होत नाही. शब्द तो शब्द. मेहुण्याला कळवतो, उद्या टेम्पो घेऊन…

काय?…

कप्प्यात?… आठ लिटरांच्या थोडे वरच असेल… हो… पाइपाचे तोंड दोनाऐवजी एकाच बोटावर आणले, तर अकराच लिटर उतरतील… त्यात कप्प्याचे आठ, एकोणीस… वाटीभर आणखी धरा… तीसमधून वजा… बाई, दहा लिटर तरी मोकळे राहतात!… होय, भोक बुजले तरीही! एक बोट पाइप कापायचा, एवढेच!

पण शब्दाचे काय?… आपल्याला दिलेला, म्हणजे त्यातून सोडवणाऱ्याही आपणच… हो… हो, काढता आला असता अंगठा. पण मग ती चाचणी कसली?…

पुन्हा? आजच?… आपण वर येता?… अंगठा आपण ठेवणार? आणि मी दोन्ही डोळे खालच्या टाकीवर… ते ठीक, पण मग आपल्या छताकडे कोण पाहणार? कोशाकडे?…

गरज नाही?… मी सांगेन तेच पुरे?…

बरे. या, सावकाश या.

अगं, करवत कुठंय? बाई वर येताहेत!… चहा नंतर, आधी करवत! त्या दार वाजवायच्या आत पाइप कापून झाला पाहिजे… हॅलो? बाई?… ठेवला. निघाल्यासुद्धा.